जपानी रहस्यपटात वेगळेपण शोधायचे कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या चित्रपट मंडळात ली सांग-इल यांचा ‘इकारी’ (2016) हा जपानी रहस्यपट दाखवायचा आहे आणि चर्चेचा विषय ‘विविधता आणि प्रतिनिधित्व’ असा ठरला आहे. चित्रपट पाहिल्यावर मात्र त्यातली जवळपास सगळीच पात्रे जपानी असल्यामुळे या विषयावर बोलायचे तरी काय, असे तुम्हाला वाटू लागले. एका सहकाऱ्याच्या मते जपान हा एकजिनसी समाज असल्याने ही कसोटी तिथे लावणेच गैर आहे, तर दुसऱ्याच्या मते कसोटी लावायची आणि चित्रपट नापास झाला असे सरळ लिहायचे. मला दोन्ही मते पटत नाहीत. चित्रपट रसास्वादाच्या वर्गांत जपानी रहस्यपट शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. यात दोन चित्रपटांची रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना ते आधी पाहायचे असतील त्यांनी इथेच थांबावे.

तुमची अडचण मापातून आलेली आहे. पडद्यावर कोणत्या वंशाची किती माणसे दिसतात हे मोजण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकी चित्रपटांच्या चर्चेतून आपल्याकडे आली, आणि जिथे भेदभाव त्वचेच्या रंगाला चिकटलेला असतो तिथे ती उपयोगी पडते. जपानमध्ये ज्यांना पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांच्यापैकी बहुतेक जण दिसायला शेजाऱ्यासारखेच असतात: कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशा कामांशी जोडल्या गेलेल्या बुराकू वस्त्यांतली माणसे, कोरिया जपानची वसाहत असताना तिथून आलेल्यांची जपानमध्येच जन्मलेली मुले-नातवंडे, कुष्ठरुग्णांची कुटुंबे, समलिंगी स्त्री-पुरुष. बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना गुपचूप विकल्या जात असल्याचे 1975 मध्ये उघडकीस आले. नोकरी मागायला आलेल्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते, म्हणूनच त्या याद्यांना गिऱ्हाईक होते. आडनाव विचारून माणसाचा अंदाज घेण्याची रीत ज्याने पाहिली आहे, त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. राहिला एकजिनसीपणाचा दावा, तर 2019 च्या कायद्याने खुद्द जपानी शासनाने उत्तरेकडच्या आयनू लोकांना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली आहे आणि 2024 च्या अखेरीस त्या देशात 37 लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहत होते.

आता हे रहस्यपटाशी जोडून पाहा. जिथे वेगळेपण दिसत नाही तिथे ते लपवता येते, आणि लपवलेली गोष्ट उघड करणे हाच तर रहस्यपटाचा धंदा. पोलीस अधिकारी खणत राहतो आणि प्रेक्षकाला त्या खणण्यात रस वाटू लागतो. पण ज्याचे जगणेच लपण्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हे खणणे म्हणजे दाराशी आलेले संकट असते. म्हणून जपानी रहस्यपटाच्या बाबतीत मी विचारतो तो प्रश्न असा: कथा उघड करणाऱ्याच्या बाजूने उभी आहे की लपणाऱ्याच्या? आणि रहस्य उलगडल्यावर तो माणूस माणूस म्हणून उरतो, की कोड्याचे उत्तर ठरून संपतो?

हे नीट समजण्यासाठी ‘इकारी’च्या आधी एक जुना चित्रपट पाहावा असे मी सुचवेन. योशितारो नोमुरा यांचा ‘सुना नो उत्सुवा’ 1974 सालचा. सेइचो मात्सुमोतो यांची ही कादंबरी 1960-61 मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि तिची पटकथा शिनोबू हाशिमोतो व योजी यामादा यांनी लिहिली. तोक्योच्या कामाता रेल्वे यार्डात एका वृद्धाचे प्रेत सापडते. मृत व्यक्ती आदल्या रात्री एका तरुणाबरोबर बारमध्ये बसली होती, ईशान्येकडच्या तोहोकू धर्तीची बोली बोलत होती आणि ‘कामेदा’ असा काही शब्द उच्चारत होती, एवढाच धागा पोलिसांच्या हाती असतो. अकिता प्रांतातल्या कामेदा गावी जाऊन ते रिकाम्या हातांनी परततात. मग भाषातज्ज्ञांकडून कळते की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, शिमाने प्रांताच्या इझुमो भागात, तशाच उच्चारांची बोली बोलतात. तिथे कामेदाके नावाचे गाव निघते. विविधतेची चर्चा इथूनच सुरू करता येते, कारण सगळे जपानी एकच भाषा बोलतात हे गृहीतक पहिल्याच तासात मोडते आणि त्याशिवाय खुनाचा तपास पुढे सरकतच नाही.

खुनी निघतो एइर्यो वागा नावाचा नामवंत तरुण संगीतकार. तो ज्या नावाने जगतो ते त्याचे नाही. जपानमध्ये माणसाची कायदेशीर ओळख ‘कोसेकी’ या कुटुंब-नोंदवहीवर उभी असते, आणि आईवडील कोण, मूळ गाव कोणते, हे सारे तिच्यातून कळते. युद्धात ओसाकावर झालेल्या बाँबफेकीत अशा नोंदी जळाल्या. त्याचा फायदा घेऊन या मुलाने मृत वागा दांपत्याचा मुलगा म्हणून स्वतःची नवी नोंद करून घेतली. त्याचे खरे नाव हिदेओ मोतोउरा, आणि त्याचे वडील कुष्ठरोगी. घर सुटल्यावर बाप-लेक भीक मागत गावोगाव हिंडले, हाकलले गेले. कामेदाकेत मिकी नावाच्या भल्या पोलिसाने वडिलांना आरोग्यधामात पाठवले आणि मुलाला स्वतःच्या घरी ठेवले. तिथून मुलगा पळाला. अनेक वर्षांनी तोच मिकी त्याला शोधत येतो आणि मरणाच्या दारात असलेल्या बापाला एकदा भेट, असा आग्रह धरतो. खून होतो तो या मिकीचा.

बाप-लेकांची ही भटकंती कादंबरीत थोडक्यात उरकली आहे. चित्रपटाने मात्र अखेरचा प्रदीर्घ भाग तिच्यासाठी राखून ठेवला: एकीकडे पोलिसांची बैठक, दुसरीकडे वागाची मैफल, आणि त्या संगीताच्या लाटांवर ऋतूंमागून ऋतू चालत राहिलेले ते दोघे. या भागात संवाद जवळजवळ नाहीत. तपास अधिकारी सहकाऱ्यांसमोर पुरावे मांडत असतो, पण आपण प्रेक्षक म्हणून केव्हाच त्याच्या बाजूवरून उठून लपणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलेले असतो. मला या चित्रपटाचे मोल वाटते ते इथे.

त्यातले एक दृश्य मी वर्गात थांबवून दाखवतो. अधिकारी इमानिशी आरोग्यधामात जाऊन वृद्ध बापासमोर वागाचे छायाचित्र धरतो आणि याला ओळखता का म्हणून विचारतो. बाप त्या छायाचित्राकडे पाहतो, त्याचे सारे शरीर हुंदक्यांनी हलू लागते, आणि तो ओरडून सांगतो की अशा माणसाला तो ओळखत नाही. मुलाला वाचवण्यासाठी मुलालाच नाकारणे, एवढेच या माणसाच्या हाती उरलेले आहे. पोलिसाच्या दृष्टीने तो नकार म्हणजे पुरावाच आहे, आपल्याला मात्र त्यातला बाप दिसतो. हे दृश्य लक्षात ठेवा, कारण ‘इकारी’त पुन्हा असाच एक नकार येणार आहे.

पण केवळ डोळे पाणावले म्हणून प्रतिनिधित्व साधले, असे मी म्हणणार नाही. चित्रपट तयार होत असतानाच कुष्ठरुग्णांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला विरोध केला होता. यामुळे भेदभावाला खतपाणी मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि चित्रपटाच्या अखेरीस एक मजकूर दाखवायचे ठरले: आता प्रभावी औषध आहे, रुग्ण पूर्ण बरे होऊन समाजात परतत आहेत, त्यांच्या आड येतो तो केवळ अवैज्ञानिक पूर्वग्रह, आणि कथेतल्या बापासारखे रुग्ण आता कुठेही नाहीत. ज्यांच्याविषयी चित्रपट आहे त्यांनी स्वतः हस्तक्षेप करून पडद्यावर चार ओळी मिळवल्या, ही प्रतिनिधित्वाच्या इतिहासातली मोलाची घटना आहे, आणि तुमच्या टिपणात ती यायलाच हवी.

तरीही त्या मजकुरातून एक गोष्ट सुटली आहे. रुग्णांना समाजापासून तोडणारा अलगीकरणाचा कायदा 1974 मध्ये जपानमध्ये लागू होता आणि तो रद्द व्हायला 1996 साल उजाडले. म्हणजे आड येत होता तो पूर्वग्रहाबरोबर कायदाही. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले. जून 2019 मध्ये त्याच न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनी सोसलेल्या भेदभावालाही शासन जबाबदार असल्याचा निकाल दिला, सरकारने अपील केले नाही, आणि त्याच वर्षी नातेवाइकांसाठी भरपाईचा कायदा झाला. हे वाचल्यावर मिकीकडे पुन्हा पाहा. चित्रपटात तो देवमाणूस आहे. त्याचा हेतू निर्मळ आहे याबद्दल मलाही शंका नाही. पण बापाला मुलापासून कायमचे तोडणारे पाऊल त्याच्याच हातून पडते, आणि त्या काळी गावोगावचे रुग्ण शोधून आरोग्यधामांत पाठवण्याची जी सरकारी मोहीम चालू होती, तिचा तो नकळत एक भाग आहे. चित्रपट गावकऱ्यांचा दगड दाखवतो, शासनाचा हात दाखवत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनाविषयी ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकांना हा फरक चटकन कळतो, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडेही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण म्हणून 2019 पर्यंत टिकून होते.

आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. याच कथेवर 2004 मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा बापाचा आजार काढून टाकून त्याच्या जागी त्याने केलेला गुन्हा घालण्यात आला. भावना दुखावू नयेत, हा हेतू मी समजू शकतो. परिणाम मात्र असा झाला की काहीही न केलेल्या माणसाला समाजाने दिलेली शिक्षा, हा कथेचा प्राणच गेला. वादग्रस्त चित्रण आणि चित्रणच नसणे यांतून निवडायचे झाल्यास मी पहिले निवडेन, कारण त्याच्याशी निदान भांडता तरी येते.

आता ‘इकारी’कडे वळू. याचे दिग्दर्शक स्वतः जपानमधल्या कोरियन कुटुंबात जन्मलेले आहेत. कथा शुइची योशिदा यांच्या कादंबरीवर आधारित आहे. हाचिओजी इथे एका दांपत्याचा खून होतो. संशयित चेहरा बदलून फरार आहे, आणि वर्षभराने तीन ठिकाणी तीन अनोळखी तरुण उगवतात: चिबाच्या बंदरावर ताशिरो, तोक्योत नाओतो, ओकिनावाच्या एका बेटावर तानाका. खुनी यांच्यापैकी कोण, ही वरवरची उत्कंठा. पण ली यांनी चित्रपट असा रचला आहे की दर काही मिनिटांनी आपला संशय एकावरून दुसऱ्यावर सरकत राहतो, आणि सरकतो तो पुराव्यापेक्षा त्या माणसाच्या भूतकाळातल्या रिकाम्या जागांमुळे. लपणाऱ्याच्या बाजूला बसायचे की उघड करणाऱ्याच्या, हा प्रश्न इथे थेट प्रेक्षकाला विचारलेला आहे.

तोक्योच्या धाग्यात नाओतो आणि युमा हे समलिंगी जोडपे आहे. युमा चांगल्या नोकरीत आहे, मित्रांत मोकळा आहे, पण आईच्या अंत्यविधीला नाओतोला नेण्याचे त्याला धाडस होत नाही, कारण लोकांना याची ओळख काय म्हणून करून द्यायची हे त्याला सुचत नाही. पुढे दोघांत कबरीचा विषय निघतो आणि एकत्र जागा मिळणार नसेल तर शेजारी तरी मिळावी, इतक्या साध्या शब्दांत तो संपतो. जपानमध्ये कबर घराण्याची असते, हे लक्षात घेतले की त्या वाक्याचे वजन कळते. तोक्योच्या शिबुया प्रभागाने समलिंगी जोडप्यांना प्रमाणपत्र देणे 2015 मध्ये सुरू केले होते, पण देशाच्या कायद्यात अशा विवाहाला जागा नव्हती. मग एके दिवशी पोलिसांचा फोन येतो आणि नाओतोला ओळखता का, असे विचारले जाते. युमा म्हणतो, ओळखत नाही. आधीच्या चित्रपटात बापाने नकार दिला तो मुलाला वाचवण्यासाठी; युमा नकार देतो तो स्वतःला वाचवण्यासाठी. नंतर कळते की नाओतो हृदयविकाराने उद्यानात कोसळून वारला होता आणि त्याचे कोणी आहे का, हे पोलीस शोधत होते. लपून जगायला लावणारा समाज माणसाला आपल्याच माणसाविषयी असे बोलायला लावतो, हे मी इतक्या थोडक्यात क्वचितच पाहिले आहे. सातोशी त्सुमाबुकी यांना या भूमिकेसाठी जपान अकादमीचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

यावर आक्षेप घेता येतात आणि ते तुम्ही मांडावेत. पडद्यावरच्या समलिंगी प्रेमाचा शेवट मृत्यूतच होतो, ही जुनी वाट इथेही सुटलेली नाही.

ओकिनावाच्या धाग्यावर मात्र चर्चेसाठी अधिक वेळ ठेवा, कारण तिथे माझे मत चित्रपटाच्या बाजूने पूर्णपणे नाही. जपानच्या एकूण भूमीच्या सुमारे 0.6 टक्के असलेल्या या प्रांतावर अमेरिकी लष्कराच्या खास वापरातल्या जागेचा सुमारे 70 टक्के भार आहे. 1995 मध्ये तिथे तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर केलेल्या अत्याचारानंतर सारे बेट रस्त्यावर उतरले होते. चित्रपटात इझुमी ही मुख्य भूमीवरून राहायला आलेली मुलगी नाहाच्या उद्यानात दोन सैनिकांच्या तावडीत सापडते. स्थानिक मुलगा तात्सुया आडोशाला गोठून उभा राहतो, आणि ती कोणालाही सांगू नकोस अशी विनवणी करते. तात्सुयाच्या भूमिकेसाठी ओकिनावाचाच नवोदित ताकारा साकुमोतो निवडला गेला, आणि अमेरिकी लष्करी तळाला विरोध करणाऱ्या निदर्शनांनी काय बदलणार, ही त्या मुलाची हताशा त्याच्या तोंडी उसनी वाटत नाही. पण शेवटी काय होते? खुनी तानाका निघतो, तात्सुया त्याला भोसकतो, म्हणजे कोठडीत जातो तो ओकिनावाचा मुलगा, आणि सैनिक नावाशिवाय, चेहऱ्याशिवाय कथेतून निघून जातात. हेच तिथले वास्तव आहे, असा बचाव करता येईल. तरीही इझुमीचे दुःख दोन पुरुषांच्या संतापाला इंधन म्हणून वापरले गेले, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

आणि ज्याच्याकडे चर्चेत सहसा कोणाचे लक्ष जात नाही तो म्हणजे खुद्द खुनी. नाओतो निर्दोष ठरतो. आईबापांच्या कर्जापायी सावकारांपासून पळणारा, खोट्या नावाने राहणारा ताशिरोही निर्दोष ठरतो. दोषी निघतो तो रोजंदारीवरचा मजूर, भर उन्हात चुकीच्या पत्त्यावर पाठवला गेलेला, दाराशी बसलेला पाहून घरमालकिणीने ज्याला गार चहा दिला आणि तिची ती दयाच ज्याला सहन झाली नाही. कंत्राटी मजुरांच्या या जगातली एक अख्खी पिढी जपानमध्ये वाढली आहे, पण या चित्रपटात त्या जगाविषयी आपल्याला कळते ते दुसऱ्याच्या जबानीतून. ज्या वेगळेपणांची बाजू घेतली जाते त्यांच्या घरात आपल्याला प्रवेश मिळतो, या मजुराच्या बाबतीत दार बंदच राहते. माझ्या मते प्रतिनिधित्वाच्या अंगाने ‘इकारी’ची सर्वांत उणी बाजू ही आहे.

चेहऱ्यावरून किंवा भाषेवरून ओळखू येणारे परके जपानी गुन्हेपटांत नाहीत असे नाही. 1990 च्या दशकात तोक्योच्या काबुकिचो या रात्रजीवनाच्या वस्तीतल्या चिनी टोळ्यांवर अनेक चित्रपट आले. ‘फुयाजो’ (1998) मध्ये नायकच अर्धा तैवानी, अर्धा जपानी आहे आणि ती भूमिका तशाच वारशाच्या ताकेशी कानेशिरो यांनी केली. संख्येच्या मापाने असे चित्रपट सरस ठरतील, पण परका म्हणजे टोळीवाला हे समीकरण त्यांतले बरेचसे चित्रपट मोडत नाहीत. तुमच्या टिपणात याला एक परिच्छेद पुरे.

प्रत्यक्ष कार्यक्रम कसा करायचा, हे तुमच्याकडे किती वेळ आहे आणि प्रेक्षक कोण आहेत यावर अवलंबून आहे. दोन सत्रे मिळत असतील तर आधी ‘सुना नो उत्सुवा’ दाखवा, कारण कोसेकी आणि लपवलेली ओळख हा सांधा त्यात स्पष्ट दिसतो. एकच सत्र असेल तर ‘इकारी’वर थांबा, मात्र अत्याचाराच्या दृश्याची पूर्वकल्पना प्रेक्षकांना अवश्य द्या, आणि शाळकरी मुले येणार असतील तर चित्रपटच बदला. मी स्वतः ‘इकारी’ दाखवताना सुरुवातीलाच प्रत्येकाला कोरा कागद देतो. मध्यावर थोडा थांबा घेतो आणि आपला संशय कोणावर आहे व का, हे नाव न घालता लिहायला सांगतो. चित्रपट संपल्यावर ते कागद मोठ्याने वाचायचे. कारणांमध्ये पुरावा फार थोडा असतो आणि राहणी, एकटेपणा, भूतकाळ न सांगणे, दुसऱ्या पुरुषावरचे प्रेम, असेच बरेच काही निघते. त्या कागदांवरून चर्चा सुरू केली तर सगळी पात्रे जपानीच असल्याची तक्रार सहसा कोणी करत नाही, आणि तासभर कमी पडतो.